विश्लेषण : घरच्या इस्त्रीने सर्किट बोर्ड कसा बनतो? आणि उरलेल्या तपकिरी पाण्याचे काय करायचे?

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की राष्ट्रीय महामार्गावर नांदगाव पेठ लागते. एमआयडीसी, कापड गिरण्या, औष्णिक वीज केंद्र आणि त्यांना लागूनच कपाशी-तुरीची शेते. सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झालेले एक हजार एकरांवरचे पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कही इथलेच. गिरणीतल्या यंत्राच्या कंट्रोल पॅनेलपासून शेतातल्या मोटारीच्या ऑटो स्टार्टरपर्यंत सगळ्यांच्या पोटात एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे तांब्याच्या रेघा असलेली हिरवी पाटी. हीच पाटी कपड्यांच्या इस्त्रीने घरी बनवता येते, असे सांगितले तर अनेकांना थट्टा वाटेल. पण अमरावती, बडनेरा, अकोला, शेगाव इथल्या कॉलेजांत इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांना यात नवल नाही. प्रोजेक्टचे सबमिशन चार दिवसांवर आलेले असते आणि ऑनलाइन मागवलेला बोर्ड अजून कुरिअरमध्ये असतो. अशा वेळी कपाटातली इस्त्री बाहेर निघते.

या तंत्राला ‘टोनर ट्रान्सफर’ म्हणतात. ते चालते कसे, फसते कुठे आणि बोर्ड तयार झाल्यावर उरलेले तपकिरी पाणी नालीत ओतले तर काय होते, ते पाहू.

टोनर ट्रान्सफर म्हणजे काय?

सर्किट बोर्ड बनवताना काही जोडायचे नसते, काढून टाकायचे असते. बाजारात ‘कॉपर क्लॅड’ नावाची पाटी मिळते. फायबर ग्लास किंवा फिनोलिकच्या साधारण १.६ मिलिमीटर जाडीच्या पाटीवर तांब्याचा अखंड पातळ पत्रा चिकटवलेला असतो. नेहमीच्या पाटीवर तो केवळ ३५ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरच्या तिसाव्या हिश्श्याएवढा जाड असतो. या पत्र्यातून आपल्याला हव्या त्या रेघा ठेवायच्या आणि बाकीचे तांबे रसायनात विरघळवायचे. त्यासाठी रेघांवर असे काहीतरी झाकण हवे, की ज्यातून रसायन आत जाणार नाही.

पूर्वी हे झाकण हाताने काढत. ऑइल पेंट, मार्कर, अगदी नेलपॉलिशसुद्धा चालायचे. दोन-चार रेघांपुरते ते ठीक होते. चाळीस पायांची आयसी आली की हात थरथरायचा. लेझर प्रिंटर घराघरांत नव्हे तरी चौकाचौकांत पोहोचला आणि हे काम त्याच्या काळ्या पावडरीकडे गेले. डिझाइन संगणकावर करायचे, लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापायचे, कागद तांब्यावर पालथा ठेवायचा आणि वरून इस्त्री फिरवायची. कागदावरची काळी रेघ तांब्यावर उतरते. तीच झाकण.

टोनर म्हणजे शाईच ना?

नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे. इंकजेट प्रिंटरची शाई पाण्यासारखी असते, ती कागदात मुरते. टोनर हे मुळात प्लास्टिक आहे. स्टायरिन-ॲक्रिलेट किंवा पॉलिस्टर जातीच्या प्लास्टिकची अतिशय बारीक भुकटी, त्यात रंगासाठी कार्बन. प्रिंटरमध्ये ती स्थिर विजेने कागदावर चिकटते आणि मग तापलेल्या रोलरखाली वितळून पक्की बसते. झेरॉक्स सेंटरमधून आलेला कागद हाताला गरम लागतो तो यामुळेच. जे प्लास्टिक एकदा वितळून कागदावर बसले, ते पुन्हा तापवले तर पुन्हा वितळते आणि समोर तांबे असेल तर त्याला चिकटते.

या विद्येच्या मुळाशीही उष्णताच आहे. एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करणाऱ्या चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात जगातली पहिली झेरॉक्स प्रत काढली. त्यांनी पावडरीने उमटलेली अक्षरे मेणकागदावर घेतली आणि मेण गरम करून ती पक्की केली. पुढे झेरॉक्स कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर यांनी याच तंत्राला लेझरची जोड दिली आणि १९८४ मध्ये एचपीचा लेझरजेट बाजारात आल्यावर हा प्रिंटर सामान्य कार्यालयांच्या आवाक्यात आला. छापील सर्किटची कल्पना मात्र त्याआधीची. ऑस्ट्रियातून इंग्लंडला गेलेले अभियंते पॉल आयस्लर यांनी १९३०च्या दशकातच ती मांडली होती. या दोन स्वतंत्र शोधांची गाठ इस्त्रीखाली पडली, असे म्हणायला हरकत नाही.

प्रिंट कशी हवी?

निम्मे बोर्ड इस्त्रीआधीच बिघडलेले असतात. पहिली चूक आरशाची. कागद पालथा ठेवायचा असल्याने चित्र उलटे हवे, हे सगळ्यांना माहीत असते. पण कीकॅडसारखे सॉफ्टवेअर खालच्या बाजूचे तांबे वरून, पाटीतून आरपार पाहिल्यासारखे दाखवते. म्हणजे ते आधीच उलटे असते. त्यावर ‘मिरर’ची खूण केली की चित्र पुन्हा सुलटे होते आणि तांब्यावर उलटे उतरते. उपाय सोपा आहे. तांब्याच्या थरावर आपले नाव किंवा तारीख लिहून ठेवावी. कागदावर ती अक्षरे उलटी दिसली पाहिजेत. सरळ वाचता आली, तर प्रिंट रद्द. (तरीही चूक झालीच आणि वेळ नसेल, तर आयसी तांब्याच्या बाजूनेच बसवून प्रोजेक्ट तारून नेणारे बहाद्दर प्रत्येक बॅचमध्ये निघतात.)

दुसरी चूक मापाची. प्रिंट करताना ‘फिट टू पेज’ चालू राहिले तर चित्र दोन-तीन टक्क्यांनी लहान होते. डोळ्यांना ते कळत नाही, आयसीला कळते. ८०५१सारख्या चाळीस पायांच्या आयसीच्या एका ओळीत वीस पाय असतात आणि दोन पायांत २.५४ मिलिमीटर अंतर. पहिल्या पायापासून शेवटच्यापर्यंत ४८.२६ मिलिमीटर. तीन टक्के घट म्हणजे शेवटचा पाय जवळपास दीड मिलिमीटर बाजूला. त्यामुळे प्रिंट हातात आली की तिच्यावर खरीखुरी आयसी ठेवून पाहणे हीच खात्रीची चाचणी.

तिसरा प्रश्न कागदाचा. साधा कागद चालत नाही, कारण टोनर त्याच्या तंतूंत घट्ट बसतो आणि तांब्याकडे यायला तयार नसतो. रंगीत मासिकांच्या गुळगुळीत कागदावर चिनी मातीचा लेप असतो. टोनर त्या लेपावर तरंगतो आणि पाण्यात लेप सुटला की मोकळा होतो. म्हणून जुन्या मासिकांची पाने या कामात अजून मान राखून आहेत. खास टोनर ट्रान्सफरसाठी पिवळा कागदही मिळतो, त्याचा लेप पाण्यात लगेच सुटतो. इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर मात्र जपून वापरावा. त्यातील काही जातींवर प्लास्टिकचा थर असतो. तो प्रिंटरच्या तापलेल्या रोलरला चिकटला तर बोर्ड राहिला बाजूला, प्रिंटरची दुरुस्ती येते. झेरॉक्स सेंटरवाले दादा अनोळखी कागद पाहून नाही म्हणतात, त्यात त्यांचे चुकत नाही. त्यांना कागद आधी दाखवावा आणि एवढीच विनंती करावी, की टोनर बचतीचा पर्याय बंद ठेवून छपाई जास्तीत जास्त गडद करा.

इस्त्री किती तापवायची?

‘फुल्ल गरम करायची’ हे उत्तर सर्वाधिक मिळते आणि सर्वाधिक बोर्ड त्यानेच बिघडतात. इस्त्रीच्या चकतीवर नायलॉन, सिल्क, कॉटन असे टप्पे असतात. कपड्यांच्या लेबलवरील चिन्हांनुसार एक ठिपका म्हणजे सुमारे ११० अंश, दोन ठिपके १५० आणि तीन ठिपके २०० अंश सेल्सियस. टोनरचे प्लास्टिक साठ-सत्तर अंशांपासूनच मऊ पडू लागते, पण तांब्याला नीट चिकटण्यासाठी ते शंभरच्या बरेच वर जावे लागते. प्रिंटरमधला रोलर साधारण १८० ते २०० अंशांवर असतो. म्हणून इस्त्री कॉटनच्या आसपास ठेवतात. त्याहून जास्त उष्णतेत टोनर पातळ होऊन पसरतो, शेजारच्या रेघा एकमेकींना चिकटतात आणि कागद पिवळा पडतो. पाटी फार वेळ फार तापली तर तांब्याचा पत्राच फुगून सुटतो. स्वस्त तपकिरी फिनोलिक पाटीत हा धोका जास्त.

खरी अडचण वेगळीच आहे. इस्त्रीचे तापमान आणि तांब्याचे तापमान एक नसते. मधे कागद असतो, तो उष्णता अडवतो. तांबे उष्णता झटकन सगळीकडे पसरवते आणि खालची फरशी किंवा ओटा ती पिऊन टाकतो. म्हणून पाटीखाली लाकडी फळी आणि जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या ठेवाव्यात. पहिले अर्धे-एक मिनिट इस्त्री न हलवता नुसती दाबून धरावी म्हणजे कागद जागच्या जागी चिकटेल. त्यानंतर तीन-चार मिनिटे टोकाने आणि कडेने सावकाश फिरवावी. कोपरे हमखास राहून जातात, कारण इस्त्री मधोमध दाबली जाते. वाफेच्या इस्त्रीतले पाणी आधी काढून टाकावे. तिच्या तळाला भोके असतात, त्या जागी दाब पडत नाही आणि नेमकी तिथलीच रेघ तुटते. त्यामानाने आजीच्या काळातली साध्या सपाट तळाची जड इस्त्री या कामाला सरस. चौकातल्या परीटदादांची कोळशाची इस्त्री वजनाला उत्तमच, पण तिला तापमानाची चकती नाही.

उष्णता, दाब आणि वेळ हे तिन्ही जमले तरी एक गोष्ट राहते, ती म्हणजे स्वच्छता. तांब्यावर बोटाचा तेलकट ठसा असेल तर तिथे टोनर बसणार नाही. देवाची तांब्या-पितळेची भांडी घासताना जे करतात तेच इथे करायचे. पितांबरी किंवा चिंच लावून घासणी फिरवायची. चिंचेतले आम्ल तांब्यावरचा काळपट थर विरघळवते. मग स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवावा आणि त्यानंतर पाटी फक्त कडेने धरावी.

इस्त्री झाली की घाई नको. गरम असताना कागद ओढला तर टोनर कागदाबरोबर निघून येतो. पाटी आपोआप निवली की पाण्यात टाकायची, दहा-पंधरा मिनिटांनी कागदाचा लगदा होतो आणि तो अंगठ्याने हलकेच घासून काढता येतो. दोन रेघांच्या मधे अडकलेले कागदाचे तंतू जुन्या टूथब्रशने काढावेत. कुठे रेघ तुटली असेल तर परमनंट मार्करने जोडावी. अर्ध्याहून जास्त रेघा तुटल्या असतील तर जोडत बसू नये. थिनरने सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून करणे कमी वेळाचे असते.

इतके करून रेघ किती बारीक येते? सवयीच्या हाताला पाव मिलिमीटरची रेघ जमते, नवख्याने अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. ३५ मायक्रॉनच्या तांब्यावर एक अँपिअर प्रवाहाला ०.३ मिलिमीटरची रेघ साधारण पुरते. तेव्हा बारीक रेघ काढण्याची हौस असली, तरी गरज क्वचितच असते.

फेरिक क्लोराइड नेमके काय करते?

आता झाकलेले तांबे ठेवायचे आणि उघडे तांबे काढायचे. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे फेरिक क्लोराइड वापरतात. त्यातील लोह तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेते. तांबे विरघळून कॉपर क्लोराइड होते आणि फेरिकचे फेरस क्लोराइड. पावडर पाण्यात विरघळताना बरीच उष्णता निघते आणि झोंबणारी वाफ येते. म्हणून नेहमी पाण्यात पावडर थोडी थोडी टाकावी, पावडरीवर पाणी ओतू नये. भांडे प्लास्टिकचे किंवा काचेचे हवे. ॲल्युमिनियमची परात किंवा स्टीलचे सिंक ते खाऊन टाकते. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा आणि खिडकी उघडी, एवढे किमान पाहिजे. कपड्यांवरचा त्याचा डाग जात नाही, हे होस्टेलच्या प्रत्येक बॅचला नव्याने कळते.

चाळीस-पन्नास अंशांच्या पाण्यात ही क्रिया पटापट होते, थंडीत रेंगाळते. डिसेंबरात त्यासाठी भांडे गरम पाण्याच्या टबात ठेवावे लागते. मे महिन्यात वऱ्हाडात तशी गरज पडत नाही. छतावरच्या टाकीतले पाणीच पुरेसे तापलेले असते! अधूनमधून भांडे हलवत राहिले तर पंधरा-वीस मिनिटांत उघडे तांबे जाते. मग पाटी धुवायची, थिनरने टोनर पुसायचा आणि भोके पाडायची. बहुतेक भागांना ०.८ ते १ मिलिमीटरचे बिट लागते. फायबर ग्लासची धूळ फुप्फुसांना वाईट, म्हणून तोंडावर मास्क असावा.

या बोर्डवर शेतातली मोटार चालवावी का?

कृषिपंपांना पाळीपाळीने, कधी रात्रीही, वीज मिळते. त्यामुळे मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारे सर्किट हा या भागातील प्रोजेक्टचा आवडता विषय. प्रोजेक्टच्या टेबलावर ते छान चालते. तेच शेतातल्या स्टार्टरच्या पेटीत बसवायचे तर मामला वेगळा. तिथे तीन फेजचा चारशेहून जास्त व्होल्टचा दाब असतो. घरी बनवलेल्या पाटीवर हिरवा संरक्षक लेप नसतो. पावसाळ्यात दमट हवा, धूळ आणि मुंग्या पेटीत शिरतातच. स्टार्टरमध्ये पाल अडकून फ्यूज उडाल्याचा अनुभव तर प्रत्येक शेतकऱ्याकडे असतो. अशा ठिकाणी उघड्या दोन रेघांमध्ये अंतर कमी असेल तर ठिणगी पडायला वेळ लागत नाही. मेन्सची बाजू आणि मनुष्याचा हात लागणारी कमी व्होल्टची बाजू यांत सहा ते आठ मिलिमीटर अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. विद्यार्थ्यांच्या डिझाइनमध्ये ते बहुधा दोन-तीनच असते.

त्यामुळे इस्त्रीच्या बोर्डवर पाच किंवा बारा व्होल्टचाच भाग ठेवावा. मोटारीला हात घालणारे काम तयार रिले मॉड्यूलकडे आणि पुढे स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरकडे सोपवावे. मार्क तेवढेच मिळतात.

बाहेरून बनवून घेणे स्वस्त पडत नाही का?

पडते, अनेकदा. चिनी कंपन्या दहा बाय दहा सेंटिमीटरचे पाच बोर्ड दोन डॉलरपासून बनवून देतात आणि त्यांचा दर्जा घरच्या बोर्डपेक्षा कितीतरी चांगला असतो. दोन्ही बाजूंना तांबे, भोकांमधून जोडणी, हिरवा लेप, छापील नावे, सगळे तयार. पण पाठवणावळ बोर्डपेक्षा महाग पडते, कस्टमचा भरवसा नाही आणि चूक निघाली की पुन्हा तेवढीच वाट पाहायची. भारतातही असे बोर्ड बनतात, तरी देशाची गरज मोठ्या प्रमाणात आयातीवरच भागते. २८ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक घटकांच्या उत्पादनासाठी २२ हजार ९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्या यादीत बहुस्तरीय सर्किट बोर्डही आहेत.

इस्त्रीचा फायदा किमतीत नाही, वेळेत आहे. सकाळी डिझाइन केले, संध्याकाळी बोर्ड हातात, रात्री चूक सापडली, दुसऱ्या दिवशी दुसरा बोर्ड. शिकणाऱ्याला हे फेरे महत्त्वाचे. एकदाच बनवायचे, साधे सर्किट असेल तर झिरो पीसीबीवर तारा जोडून काम भागते, त्यासाठी एवढा खटाटोप करू नये. रसायनच नको असेल तर तिसरा मार्ग म्हणजे मिलिंग. छोटे संगणकीय यंत्र सुईसारख्या पात्याने नको ते तांबे खरवडून काढते. जगभरच्या फॅब लॅबमध्ये हीच रीत आहे. एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये सुरू झाली ती पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात, म्हणजे महाराष्ट्रातल्याच एका खेड्यात. पण असे यंत्र प्रत्येक कॉलेजात नसते. इस्त्री प्रत्येक घरात असते.

उरलेल्या पाण्यात किती तांबे असते?

या तंत्राचे व्हिडिओ बोर्ड चमकला की संपतात. भांड्यातल्या पाण्याचे पुढे काय झाले, हे क्वचितच दिसते. बहुतेक वेळा ते बाथरूममध्ये किंवा घरामागच्या नालीत जाते.

हिशेब करून पाहू. दहा बाय दहा सेंटिमीटरच्या पाटीवर ३५ मायक्रॉन जाडीचे तांबे म्हणजे वजनाने सुमारे ३.१ ग्रॅम. नवख्या डिझाइनमध्ये रेघा थोड्या आणि मोकळी जागा फार, त्यामुळे ऐंशी टक्के तांबे विरघळते. म्हणजे साधारण अडीच ग्रॅम. त्यासाठी किमान तेरा ग्रॅम शुद्ध फेरिक क्लोराइड खर्ची पडते. अडीच ग्रॅम म्हणजे चिमूटभर वाटेल. पण कारखान्यांनी सोडलेल्या सांडपाण्यात एका लिटरमागे तांबे तीन मिलिग्रॅमहून जास्त नको, असा पर्यावरण नियमांतील सर्वसाधारण निकष आहे. अडीच ग्रॅम तांबे त्या मर्यादेत बसवायला आठशेहून जास्त लिटर पाणी लागेल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तर तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. त्या हिशेबाने एका बोर्डचे पाणी पन्नास हजार लिटर पाण्यात विरळ करावे लागेल. पाच हजार लिटरचे दहा टँकर. एका वर्गात साठ विद्यार्थी असतात.

एमआयडीसीतला कारखाना असे पाणी सोडेल तर त्याला जाब विचारणारी यंत्रणा आहे. खोलीवर बोर्ड बनवणाऱ्याला कोणी विचारत नाही. तांबे माणसाला थोड्या प्रमाणात लागते, पण मासे आणि पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना ते अगदी कमी प्रमाणातही विषारी ठरते. शिवाय ते कुजून नाहीसे होत नाही, मातीत साठत जाते. फेरिक क्लोराइडऐवजी सोडियम परसल्फेट किंवा सायट्रिक ॲसिड-पेरॉक्साइड-मीठ वापरा, ते ‘इको फ्रेंडली’ आहे, असा सल्लाही फिरत असतो. त्यात अर्धेच तथ्य आहे. द्रावण कोणतेही असो, पाटीवरून सुटलेले तांबे त्याच पाण्यात असते.

तांबे पाण्यात जाऊच नये, यासाठी सर्वात सोपी युक्ती डिझाइनमध्येच आहे. रेघांमधली मोकळी जागा काढून न टाकता ग्राउंडला जोडून भरीव ठेवावी. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक बटण असते. मग ऐंशीऐवजी तीसच टक्के तांबे विरघळवावे लागते, म्हणजे एक ग्रॅमहूनही कमी. रसायन वाचते, वेळ वाचतो, सर्किटमधला गोंगाटही कमी होतो. दुसरे म्हणजे द्रावण एका बोर्डनंतर फेकू नये. ते मंद होईपर्यंत झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत ठेवून पुन्हा पुन्हा वापरावे. बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे, कारण गडद तपकिरी पाणी पाहून घरातले कोणी काढा समजण्याची शक्यता नाकारता येत नाही.

संत्र्याच्या बागेतला खिळा काय सांगतो?

द्रावण पूर्ण निकामी झाल्यावर काय करायचे, याचे उत्तर रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहेच, पण अमरावती जिल्ह्यातल्या संत्रा बागायतदारांनाही ते वेगळ्या रूपात माहीत आहे. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर भागात झाडांना डिंक्या रोगापासून वाचवण्यासाठी बुंध्याला बोर्डो मलम लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, म्हणजे तेच तांबे. १८८५ च्या सुमारास फ्रान्सच्या बोर्डो शहरात मिलार्दे यांनी द्राक्षांसाठी हे मिश्रण पुढे आणले. फवारणीचे बोर्डो मिश्रण तयार झाले की शेतकरी त्यात लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते बुडवतो. त्यावर तांबूस थर चढला, तर पाण्यात मोकळे तांबे शिल्लक आहे आणि ते कोवळी पाने जाळेल. मग आणखी चुन्याची निवळी घालायची, खिळा कोरा निघेपर्यंत.

सर्किट बोर्डच्या उरलेल्या पाण्यावर नेमके हेच दोन उपाय लागू पडतात. पहिला खिळ्याचा. मोकळ्या हवेत, प्लास्टिकच्या बादलीत, निकामी द्रावणात लोखंडी खिळे किंवा स्टीलवूल टाकून एक-दोन दिवस ठेवावे. लोखंड विरघळते आणि तांबे त्याच्या जागी लालसर गाळ होऊन बाहेर पडते. या वेळी द्रावण गरम होते आणि थोडा हायड्रोजनही निघतो, म्हणून झाकण घट्ट लावायचे नाही आणि जवळ आग नको. दुसरा उपाय चुन्याचा. चुन्याची निवळी किंवा धुण्याचा सोडा हळूहळू घालत जावे. सोड्याने फेस येतो, भांडे उतू जाऊ नये म्हणून ते मोठे घ्यावे. पीएच पट्टीवर आठ-नऊच्या आसपास आकडा आला की राहिलेले तांबे आणि लोह दोन्ही गाळ होऊन तळाशी बसतात. कोरा खिळा बुडवून पाहावा. तो तांबूस झाला, तर काम अजून बाकी आहे.

एक खुलासा लगेच करायला हवा. दोन्हींत तांबे असले तरी हे पाणी बोर्डो मिश्रणाला पर्याय नाही. त्यात लोहाचे क्षार आहेत, आम्ल आहे, क्लोराइड आहे. ते झाडाच्या बुंध्याशी ओतले तर झाड वाचण्याऐवजी जाईल.

राहिला गाळ. तो कपड्यातून गाळून, वाळवून, पिशवीत बंद करून त्यावर ‘तांबे व लोहाचा गाळ’ असे लिहावे. बोर्डचा असला तरी तो ओल्या-सुक्या कचऱ्याच्या घंटागाडीत टाकण्याचा नाही. कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत घातक कचरा वेगळा साठवण्याची व्यवस्था असते, तो तिथे द्यावा. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाने साठ बाटल्या खोलीवर ठेवण्यापेक्षा विभागाच्या लॅबमध्ये एकच कॅन ठेवला आणि वर्षातून एकदा एकत्रच हे खिळा-चुन्याचे काम केले, तर त्याला अर्धा दिवस लागतो.